ठेवीदाराचा पहारेकरी : चिंतामणराव देशमुख

१६ एप्रिल २०२० हा दिवस आपल्या पेडणे तालुक्यातील अनेक घरांच्या लक्षात आहे. टाळेबंदी चालू होती, शापोरा ओलांडून म्हापशाला जाण्याची सोय नव्हती आणि त्यातच बातमी आली की रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. निर्बंध त्याआधी काही वर्षांपासून होतेच. शुक्रवारच्या बाजाराला गेल्यावर बँकेत डोकावून यायचे, पासबुकात नोंद करून घ्यायची, आणि पैसे कधी मिळतील असे विचारून परतायचे, हा अनेकांचा क्रम झाला होता. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, मडगाव अर्बनचाही परवाना गेला.

त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न होता. आपण घाम गाळून जमवलेला पैसा, आणि मुंबईत बसलेले कोणी तरी एका कागदाने आपली बँक बंद करते, हा अधिकार त्यांना कोणी दिला? प्रश्न रागाचा होता, पण रास्त होता. त्याचे उत्तर शोधत गेले की आपण १९४९ सालच्या एका कायद्यापाशी येतो. तो कायदा झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या सर्वोच्च खुर्चीवर कोकणातलाच एक माणूस बसला होता. सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांना आपण अर्थमंत्री म्हणून ओळखतो, संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा देणारे म्हणून ओळखतो. बँकेच्या ठेवीदारासाठी त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणून हा लेख.

रायगडच्या पायथ्याचा मुलगा

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ हे वकील, रोह्याला वकिली करीत. आई भागीरथीबाई. घरात कोर्टकचेरीची भाषा कानावर पडत होती आणि संस्कृतचे संस्कारही होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामण पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यानेच मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळाली की सगळ्या इलाख्यात नाव होत असे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते केंब्रिजला गेले. तिथे जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवले. झाडांचे हे वेड त्यांनी जन्मभर जपले. पुढे कितीही मोठ्या पदावर असले तरी बागेत वेळ काढत. १९१८ साली लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. इंग्लंडमध्येच रोझिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना प्रिमरोझ ही एक मुलगी.

१९२० मध्ये परतल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली. जमीनमहसूल, गावोगावची पाहणी, शेतकऱ्याच्या देण्याघेण्याचे हिशेब, अशी ती नोकरी होती. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कार्यालयातही त्यांनी काम केले. पुढे प्रांताच्या महसूल आणि वित्त खात्यांचे सचिवपद त्यांनी सांभाळले. आकडे स्वच्छ ठेवणारा आणि शब्द मोजून वापरणारा अधिकारी, असा लौकिक तिथेच झाला.

बँका बुडत होत्या

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा चार वर्षांची होती. आधी संपर्क अधिकारी, मग सचिव, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, देशमुख गव्हर्नर झाले. दुसरे महायुद्ध आणि बंगालचा दुष्काळ एकाच वेळी चालू होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक नाणेनिधीची उभारणी ठरवणारी परिषद झाली, तिला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात ते होते.

त्या काळची बँक म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. थोडे भांडवल जमवून, कंपनी म्हणून नोंद करून कोणीही बँक काढू शकत असे. पाटीवर बँक हा शब्द, आत एक तिजोरी, आणि संचालक आपल्याच कारखान्याला कर्ज देणारे. लोकांनी ठेवी ठेवल्या की तो पैसा संचालकांच्या धंद्यात जायचा. धंदा बसला की बँकही बसायची. १९३८ साली दक्षिणेतली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली आणि हजारो कुटुंबे हादरली. युद्धाच्या काळात हातात पैसा खेळू लागला तशा शाखा भराभर निघाल्या. युद्ध संपले, फाळणी झाली आणि बंगालमधल्या बँकांना ओळीने धक्के बसले.

अशा वेळी ठेवीदाराच्या हातात काय असे? फक्त कंपनी कायदा. तो कायदा भागधारकाचा विचार करून लिहिलेला होता. ठेवीदार हा त्यात अनेक देणेकऱ्यांपैकी एक, रांगेत शेवटी उभा असलेला. बँक बुडाली की अवसायक नेमायचा, त्याने कर्जदारांवर एकेका गावच्या कोर्टात दावे लावायचे, आणि ते निकाली निघेपर्यंत ठेवीदाराने वाट पाहायची. गिरणीत राबून मागे टाकलेले दोनतीनशे रुपये मिळायला कित्येकदा आयुष्य पुरत नसे. वसूल झालेल्यातला बराचसा भाग वकिलांच्या फीमध्ये आणि अवसायनाच्या खर्चात जायचा तो वेगळाच.

१९४९ चा कायदा

बँकांसाठी वेगळा कायदा हवा ही कल्पना टेलर यांच्या काळातली. मसुदा १९३९ मध्ये तयार झाला, पण युद्धाने तो मागे पडला. देशमुखांच्या काळात तो पुन्हा पुढे आला. १९४४ च्या अखेरीस विधेयक मांडले गेले, ते रखडले, पुन्हा मांडले गेले. संपूर्ण कायद्याची वाट न बघता १९४६ मध्ये दोन तातडीच्या उपाययोजना झाल्या. रिझर्व्ह बँकेला कोणत्याही बँकेची दप्तरे तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि परवानगीशिवाय नवी शाखा काढण्यावर बंदी आली. अखेर बँकिंग कंपनीज कायदा १६ मार्च १९४९ पासून लागू झाला.

त्यातल्या तरतुदी वाचायला रुक्ष आहेत, पण एकेकीमागे कोणाचे तरी बुडालेले पैसे आहेत. बँक चालवायची तर रिझर्व्ह बँकेचा परवाना हवा. ठरावीक भांडवल हवे. नफ्यातला पाचवा हिस्सा राखीव निधीत टाकायचा. ठेवींच्या निदान वीस टक्के रक्कम रोख, सोने किंवा सरकारी रोख्यांत राखायची, ती कर्जात घालवायची नाही. बँकेने स्वतः मालाचा व्यापार करायचा नाही. संचालकांना बिनतारण कर्ज द्यायचे नाही. आणि रिझर्व्ह बँकेचे निरीक्षक केव्हाही येऊन वह्या उघडू शकतील.

त्याच सुमारास, १ जानेवारी १९४९ रोजी, खुद्द रिझर्व्ह बँक खासगी भागधारकांच्या हातून सरकारच्या मालकीत आली. फाळणीनंतर काही महिने हीच बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. दोन्ही देशांच्या चलनाचा आणि देण्याघेण्याचा तो नाजूक हिशेबही देशमुखांनी निभावला. ३० जून १९४९ रोजी ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी रोझिनाबाईंचे निधन झाले.

ठेवीदाराचे पहिले अडीचशे रुपये

१ जून १९५० रोजी देशमुख केंद्राचे अर्थमंत्री झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. गव्हर्नर असताना ज्या कायद्याचा पाठपुरावा केला, त्याच्या उणिवा दूर करण्याचे काम आता मंत्री म्हणून त्यांच्याकडे आले. कारण बँका अजून बुडतच होत्या. १९५० मध्येच कलकत्त्याची नाथ बँक बंद पडली. ज्या तगू शकत होत्या त्यांना एकत्र आणण्याचा मार्ग खुला झाला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बंगालमधल्या चार बँका मिळून युनायटेड बँक ऑफ इंडिया उभी राहिली. पण ज्या बुडाल्या त्यांच्या ठेवीदारांचे काय?

इथे कोर्टाचा प्रश्न आला. बुडालेल्या बँकेचे दावे वेगवेगळ्या कोर्टांत विखुरलेले असत आणि त्यामुळे अवसायन वर्षानुवर्षे लांबे. या कामाची पाहणी करायला समिती नेमली गेली आणि १९५३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. बुडालेल्या बँकेचे सगळे तंटे एकट्या उच्च न्यायालयापुढे आणले गेले. कर्जदारांची यादी सादर करून त्यांची देणी थोडक्या कामकाजात ठरवण्याची सोय झाली. संचालकांना आणि हिशेब तपासनिसांना उघड न्यायालयात उभे करून विचारणा करता येऊ लागली. अवसायन चालू असताना दाव्यांची मुदत उलटून कर्जदार सुटणार नाहीत, अशीही तजवीज झाली.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बचत खातेदाराला रांगेत पुढे आणले गेले. बँक बुडाली तर बचत खात्यातील अडीचशे रुपयांपर्यंतची रक्कम आधी द्यायची, मग इतर ठेवीदारांचे प्रत्येकी अडीचशेपर्यंत, आणि त्यानंतर बाकीच्यांचा विचार. १९५३ साली अडीचशे रुपये म्हणजे साध्या घराची वर्षभराची शिल्लक. मोठ्या देणेकऱ्याकडे वकील असतो, पासबुकवाल्याकडे नसतो. त्याची बाजू कायद्यानेच आधी मांडून ठेवली, असे या कलमाचे वर्णन करता येईल.

अर्थमंत्री म्हणून देशमुखांची आणखी दोन कामे याच धाग्यातली आहेत. खेड्यात बँक पोचावी म्हणून १ जुलै १९५५ रोजी इंपिरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, कारण विमा कंपन्यांतही पॉलिसीधारकांचा पैसा मालकांच्या धंद्यात वळवला जात असल्याचे संसदेत उघड झाले होते.

१९५३ च्याच जानेवारीत दुर्गाबाईंशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. दुर्गाबाई स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, संविधान सभेच्या सभासद, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. लग्नाला साक्षीदार होते पंडित नेहरू.

राजीनामा

ते वर्ष आपल्या तालुक्यालाही विसरता येणार नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि मुंबईत राबणाऱ्या आपल्या माणसांना घरी पैसे पाठवणे अवघड झाले. त्या सरकारचे अर्थमंत्री देशमुखच होते. कोंडीची झळ पोर्तुगीजांइतकीच आपल्या घरांनाही बसली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पुढच्याच वर्षी ते स्वतः त्या सरकारातून बाहेर पडले. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आणि मुंबईत झालेल्या पोलिस गोळीबाराची न्यायालयीन चौकशी न होणे, ही त्यांची कारणे होती. त्यांनी बँकांच्या संचालकांना वह्या उघड्या ठेवायला लावल्या होत्या. सरकारने स्वतःची वही मिटून ठेवावी, हे त्यांना पटणारे नव्हते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

कायदा कोर्टात उभा राहिला

देशमुख नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ते तिथे असताना त्यांच्या काळातल्या बँक कायद्याची खरी परीक्षा झाली. ऑगस्ट १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून बंद झाली. रिझर्व्ह बँकेने अर्ज केला की न्यायालयाने अवसायनाचा आदेश द्यायचाच, अशी तरतूद होती. मग न्यायालयाने नुसता शिक्का मारायचा का, आणि हे घटनेत बसते का, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने बहुमताने तरतूद वैध ठरवली. बँकेची आतली स्थिती वर्षानुवर्षे तपासणारी संस्था रिझर्व्ह बँक आहे, आणि सुनावणी लांबली तर तोवर तिजोरी रिकामी होते, हा त्यामागचा विचार. बँकांच्या विरोधातले आणि रिझर्व्ह बँकेच्या विरोधातले पुढचे कितीतरी दावे या निकालाच्या आधारे सुटले आहेत.

पलाईच्या ठेवीदारांचे हाल पाहूनच १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. सुरुवातीला संरक्षण होते दर ठेवीदारामागे दीड हजार रुपये. १९५३ च्या अडीचशे रुपयांमागची कल्पनाच इथे विम्याच्या रूपात पुढे गेली.

गोव्यात हे सारे मुक्तीनंतर आले. तोवर आपल्याकडे पोर्तुगीजांची बांको नासिओनाल उल्त्रामारिनो होती. नडीअडचणीला बायका अंगावरचे सोने तिथे गहाण ठेवत. मुक्तीच्या आधी ते सोने लिस्बनला हलवले गेले, आणि ते परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत सोडवणाऱ्या कित्येक जणी हयात राहिल्या नव्हत्या. ज्या बँकेवर आपला कायदा चालत नाही तिच्यापुढे ठेवीदार आणि गहाणदार किती हतबल असतो, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

सहकारी बँका या कायद्याखाली आल्या १ मार्च १९६६ पासून. कायद्याचे नावही तेव्हा बदलून बँकिंग नियमन कायदा असे झाले. म्हापसा अर्बनचा परवाना याच कायद्याने गेला, आणि ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण मिळाले तेही त्याच वाटेने. ही मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर आली ती ४ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे परवाना रद्द होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. पाच लाखांच्या वर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांचे दुःख त्याने मिटत नाही. निवृत्तीचा सगळा पैसा एकाच बँकेत ठेवणाऱ्याला नियमांचे कौतुक सांगून समाधान होत नाही. निर्बंधांच्या वर्षांत औषधपाण्यालाही स्वतःचे पैसे मिळाले नाहीत, ही तक्रारही खरी आहे. देशमुखांच्या काळापासून कायद्यापुढचा हाच पेच आहे: लवकर दार बंद केले तर धावपळ होते, उशिरा केले तर आत काही उरत नाही.

उत्तरायुष्य

अनुदान आयोगानंतर १९६२ ते १९६७ देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये पद्मविभूषण. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि गिरी व रेड्डी यांच्यामागे तिसरे आले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला, संस्कृतात स्वतः कविता लिहिल्या. शेवटची वर्षे हैदराबादला दुर्गाबाईंच्या संस्थांच्या सहवासात गेली. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, देशमुखांनी हैदराबादलाच देह ठेवला.

पार्श्यातल्या आणि मुंबईला स्थायिक झालेल्या आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी आज दोनतीन बँकांची पासबुके असतील. घरातल्या जाणत्याने या संक्रांतीला, म्हणजे देशमुखांच्या जयंतीला, ती एकदा बाहेर काढावीत. एका बँकेत एका नावावर पाच लाखांहून जास्त आहे का, ते पाहावे. नामनिर्देशन भरले आहे का, तेही पाहावे. आणि मुलांना सांगावे की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण मालकी वारसांचीच राहते; गोव्यात तर पतिपत्नींच्या समाईक मालकीचा कायदाही मध्ये येतो. बँकांशी आणि आपसात होणाऱ्या निम्म्या भांडणांचे मूळ या एका गैरसमजात असते. रोह्याच्या वकिलाच्या मुलाने जन्मभर हेच सांभाळले, की लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या पैशाचा हिशेब कोणालाही केव्हाही दाखवता आला पाहिजे. आपल्या घरातला हिशेबही तसाच असावा.